र असलेले महिने

"र आला गं पोरींनो, तोंडं उघडा!"

सप्टेंबर लागला की आईचा हा आवाज जिन्यावरून वर यायचा, आणि पांघरुणात गुरफटलेल्या बोर्गहिल्डच्या जिभेवर चमच्याच्या आधी तेलाची चव उतरायची. आईला जाऊन कितीतरी वर्षं लोटली, पण आवाज काही गेला नव्हता. खाली चुलीपाशी भावंडं उंचीप्रमाणे ओळीत उभी राहायची. आईच्या एका हातात ट्रानची बाटली, दुसऱ्या हातात शिंगाचा चमचा. ट्रान म्हणजे कॉड माशाच्या कलेजीचं तेल. ज्या महिन्याच्या नावात र, त्या महिन्यात ते प्यायचं. सप्टेंबरात र, ऑक्टोबरात र, नोव्हेंबर-डिसेंबरात र, असं करत थेट एप्रिलपर्यंत. मे महिना र खाली ठेवायचा आणि सूर्य उचलून घ्यायचा. चमचा भरताना आई म्हणायची, अर्धं गाणं आणि अर्धी धमकी:

र आला दाराशी, तोंड उघड गं पोरी,
चमच्याच्या वाटीत उजेडाची दोरी.
एक घोट गिळ, हाडाला येईल बळ,
दर्याच्या लेकीचं पाऊल पडेल सरळ.

आणि पावलं सरळच पडली. स्कारवॉय बेटावर वाकड्या पायाचं पोर कुणी पाहिलं नव्हतं. बाहेरच्यांनी आपल्या बेटाला खडक म्हणावं, दलदल म्हणावं, वाऱ्याची वखार म्हणावं, बोर्गहिल्डला काही वाटायचं नाही. पण आमची पोरं आणि आमचं ट्रान यावर कुणी बोलायचं नाही.

तरुणपणी ती गोदीवरच्या ट्रानघरात कामाला होती. ताजी कलेजी वाफेवर धरायची, तेल वर आलं की अलगद निथळून घ्यायचं. ट्रानघर बंद पडलं, पण तिचा हात बंद पडला नाही. हिवाळ्यात मोठा कॉड अंडी घालायला किनाऱ्याशी आला की ती घरच्या पातेल्यावर तेच काम करायची आणि बाटल्या भरून घरोघर पोचवायची. "बोर्गहिल्डचं ट्रान" म्हटलं की शेजारच्या बेटावरची माणसंही मान डोलवायची. सोनेरी, नितळ. खिडकीशी धरलं तर पलीकडची नाव दिसावी.

तिची मुलं त्या ट्रानवर वाढली, सरळ हाडांची झाली आणि सरळ पायांनी बेट सोडून गेली. मुलगी पार ऑस्ट्रेलियात. प्रत्येकाला निरोप द्यायला बोर्गहिल्ड गोदीवर उभी राहिली. ती रडली नाही, आणि "थांब" असंही कधी कुणाला म्हणाली नाही. मागून-विनवून थांबवलेलं माणूस काय कामाचं, असं तिचं म्हणणं. ज्याला राहायचंय तो राहील. बेटावरच्या सगळ्यांचंच असं होतं, पण बोर्गहिल्ड त्यात सगळ्यांच्या वरची. आपण आयुष्यात कुणाला थांबवलं नाही, हे ती छातीवर बिल्ला लावावा तसं मिरवायची.

शाळा कधीच बंद पडली होती. मग दुकान बंद पडलं. आणि मग, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, तिचा धाकटा एइलिफ परत आला. एकटा नाही. दक्षिणेकडच्या शहरातली बायको आणि कडेवर पोर. बायकोचं नाव विग्दिस, पोरीचं सिन्ने. विग्दिसनं आल्या आल्या बंद दुकानाची फळी काढली, कपाटं धुतली आणि दिवा लावला. त्या दिवशी नको असलेले खिळे आणि मेणबत्त्या घ्यायला अख्खं बेट दुकानात आलं.

"दोन हिवाळे काढून बघतो," एइलिफ म्हणाला होता. "मग ठरवू."

हे वाक्य बेटावर सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यावर कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

सिन्ने बोलायला लागली तेव्हा एक मोठीच गोष्ट घडली. तिची आई दक्षिणेकडची, तिचा र घशात घोळायचा, गुळणी केल्यासारखा. बेटावरचा र जिभेच्या टोकावर नाचतो. पोरगी कुणाचा र घेणार याकडे सगळ्यांचं लक्ष. गोदीजवळ राहणारा म्हातारा कोळी तोरफिन एक दिवस तिच्यासमोर गुडघ्यावर बसला.

"म्हण बघू, र!"

सिन्नेनं तोंड मोठ्ठं उघडलं आणि म्हणाली, "अर्रर्र!"

जिभेच्या टोकावरचा. खणखणीत. साखळीवरून नांगर सुटावा तसा.

"बाई गं! ही तर आमची निघाली!" तोरफिन ओरडला आणि टोपी हवेत उडवली. ती समुद्रात पडली. त्याला तिचंही काही वाटलं नाही.

तेव्हापासून सिन्ने ज्या दारात जाईल तिथं तिला र म्हणायला लावायचे. आणि ती तोंड उघडून, हनुवटी वर करून, राणीसारखी र म्हणायची. दुकानापासून गोदीपर्यंतची घरं एका ओळीत, सगळी विग्दिसच्या खिडकीतून दिसणारी. पोरगी लाल टोपी घालून दारोदार जायची आणि आजीकडे, म्हणजे तिच्या "बेस्ता"कडे, जेवायच्या वेळेला पोचायची.

ट्रानवरून मात्र सासू-सुनेचं एकदा वाजलं होतं.

"सकाळी एक छोटा चमचा मी देते, बोर्गहिल्ड," विग्दिस म्हणाली होती. "दुकानातलं. तेवढं पुरतं. वरून कुणी काही द्यायचं नाही."

बोर्गहिल्डनं ती बाटली उघडून हुंगली. "याला लिंबाचा वास येतो."

"लिंबाचं असतं ते. मुलांना आवडतं."

"दर्याला अत्तर लावलंय."

"असेना. पण एकच चमचा. मला शब्द दे."

"मी कशाला देते," बोर्गहिल्ड म्हणाली. शब्द दिल्यासारखं वाटलं, आणि दिलाही नाही.

दुपारी सिन्ने आली, बूट काढले, हनुवटी वर केली. "अर्रर्र!" आणि उघडं तोंड बघितल्यावर बोर्गहिल्डचा हात आपोआप बाटलीकडे गेला. एक मोठा चमचा, घरचा, खरा. पोरीनं तोंड वाकडं केलं नाही. जीभ फिरवून ओठ चाटले. बोर्गहिल्डचा ऊर भरून आला. शहरातून आलेलं पोर, आणि असं ट्रान पितं! कुणाला सांगायची तर चोरी होती, म्हणून तिनं ते अभिमानाचं गाठोडं मनातच बांधून ठेवलं. रोज दुपारी सोडायचं, रोज बांधायचं.

दुसरा हिवाळा उतरणीला लागला आणि पोरीचं काहीतरी बिनसलं.

आधी चिडचिड. मग खाण्यावरून मन उडालं. ओठांच्या कडा सोलल्या. टोपी काढली की टोपीत केस. एइलिफ उत्तरेला मोठ्या मासेमारीवर गेलेला. विग्दिस दुकानाच्या हिशेबात चुकायला लागली. "दात येत असतील," क्लारा म्हणाली. क्लारा पूर्वी पोस्ट सांभाळायची आणि अजूनही सगळ्यांच्या खबरा सांभाळायची. "वारं लागलं असेल," तोरफिन म्हणाला. मग उलट्या सुरू झाल्या. आणि एका सकाळी विग्दिसनं पोरीला पलंगावरून खाली उभं केलं तर तिनं किंकाळी फोडली आणि पाय पोटाशी घेतले. जमिनीला पाऊल लावेना.

पाय! बोर्गहिल्डच्या काळजात चर्र झालं. स्कारवॉयचं पोर आणि पायावर उभं राहत नाही! तिला एकच गोष्ट सुचली, तिच्या आईला सुचली असती तीच. चमचा कमी पडतोय. त्या दिवसापासून तिनं दुपारचे दोन चमचे केले. पोरगी आता र म्हणत नव्हती, नुसतं तोंड उघडत होती. कडेवरून, डोळे मिटून.

शेवटी विग्दिस तिला घेऊन बोटीनं मोठ्या गावच्या रुग्णालयात निघाली. बोर्गहिल्ड बरोबर गेली. बोटीत दोघींच्या मांड्यांवर मिळून ती पोरगी झोपली होती.

मुलांची डॉक्टर एक शांत बाई होती. तिनं पोरीला तपासलं, रक्त काढून घेतलं आणि दोघींना बसायला सांगितलं. रक्ताचा निकाल आला तेव्हा ती खुर्ची ओढून त्यांच्या अगदी जवळ येऊन बसली.

"ट्रान देता?"

"सकाळी एक छोटा चमचा," विग्दिस म्हणाली. "दुकानातलं."

"आणखी काही? गोळ्या, थेंब? कलेजी खाते का?"

"नाही. एकच चमचा. मी तर सगळ्यांना सांगून ठेवलंय."

"हिच्या रक्तात अ जीवनसत्त्व खूप जास्त आहे. एका चमच्यानं इतकं होत नाही." डॉक्टर सावकाश बोलत होती. "काही जीवनसत्त्वं जास्त झाली तर लघवीवाटे निघून जातात, पण अ जात नाही. ते यकृतात साठत राहतं. माशाच्या यकृतात साठतं तसंच. भांडं भरलं की मग बाहेर सांडतं. केस गळतात, ओठ सोलतात, डोकं ठणकतं. आणि हाडं दुखतात. एवढ्या लहान मुलाला सांगता येत नाही, म्हणून ते चालायचं थांबतं."

चालायचं थांबतं. बोर्गहिल्डच्या कानात ते शब्द घुमले. ज्या पायांसाठी ती चमचा भरत होती, ते पाय त्या चमच्यानंच बसवले होते. आणि पाय बसले म्हणून तिनं दुसरा चमचा भरला होता.

विग्दिस म्हणत होती, "मग प्रयोगशाळेत चूक झाली असेल. पुन्हा बघा. कुणी देतच नाही तर..."

"मी देते," बोर्गहिल्ड म्हणाली.

विग्दिसनं मान वळवली नाही.

"दुपारी. माझ्या हातचं. आधी एक मोठा चमचा. पाय धरले तेव्हापासून दोन." तिचा आवाज ताठ होता. ताठ नसता तर तो बाहेरच आला नसता.

"घरी काढलेलं?" डॉक्टरनं विचारलं. "ते बाजारच्यापेक्षा फार कडक असतं. बाजारचं मोजून, हलकं करून भरतात." मग ती निकालाच्या कागदाकडे बघत राहिली. "तरीही मेळ बसत नाही. एवढं व्हायला आणखी जायला हवं."

"मी खोटं बोलत नाही."

"खोटं नाही म्हणत मी. कमी आहे म्हणतेय."

तेवढ्यात नर्स आत आली. घसा बघायचा म्हणून तिनं लाकडी पट्टी पुढे केली. पट्टी दिसताच विग्दिसच्या मांडीवर मलूल पडलेल्या सिन्नेनं सवयीनं हनुवटी वर केली, तोंड उघडलं आणि क्षीण आवाजात, पण जिभेच्या टोकावरूनच म्हणाली, "अर्र." मग शहाण्या मुलीसारखी एकेक बोट मुडपत पुढे म्हणायला लागली, जणू पाठ केलेलं गाणं: "तोरफिन अर्र. क्लारा अर्र. ओलुफ अर्र. आल्फ अर्र. बेस्ता अर्र."

विग्दिसनं ती मुडपलेली बोटं मोजली. पाच.

"हे कोण सगळे?" डॉक्टरनं विचारलं.

"आमचं गाव," बोर्गहिल्ड म्हणाली.

डॉक्टरनं सगळं ट्रान त्या क्षणापासून बंद केलं, सकाळच्या छोट्या चमच्यासकट. भरपूर पाणी, सलाईन, काही दिवस रुग्णालयात नजरेखाली. "वेळेवर आणलंत," ती म्हणाली. "साठलेलं ओसरायला आठवडे लागतील, पण बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात." बहुतेक हा शब्द दोघींनीही ऐकला.

बाहेरच्या बाकावर विग्दिस बराच वेळ हाताच्या तळव्यांकडे बघत बसली. ती ओरडली असती तर बोर्गहिल्डला सोपं गेलं असतं.

"तू घरी जा, बोर्गहिल्ड," ती म्हणाली. "बोट सुटेल."

बोट गोदीला लागली तेव्हा आभाळ निवळलं होतं आणि बर्फावर ऊन पडलं होतं. बोर्गहिल्ड घरी गेली नाही. ती ओळीतल्या प्रत्येक दारावर थाप मारत गेली. "दुकानात या. आत्ता. ट्रानची बाटली घेऊन." तिच्या आवाजात असं काही होतं की चूल पेटती ठेवून माणसं बाहेर पडली.

दुकानात तिनं दिवा लावला आणि विग्दिसच्या गल्ल्यामागे उभी राहिली. रुग्णालयात काय झालं ते सांगितलं. स्वतःचं आधी सांगितलं, दोन चमच्यांसकट. मग म्हणाली, "आता तुम्ही."

सगळे पिपांकडे, दोरखंडांकडे, छताकडे बघायला लागले.

"मी फक्त रविवारी," तोरफिन पुटपुटला.

"तुझ्या आठवड्यात रविवार किती येतात रे?" क्लारानं विचारलं.

तोरफिननं मान खाली घातली. "रोज."

"आणि तू गं, क्लारा?"

"मी? मी कशाला..." क्लारानं ओठ मिटले. मग पिशवीतून बाटली काढून गल्ल्यावर ठेवली. तळाशी जेमतेम थर उरला होता. "मी वर साखर भुरभुरायची. बाकीचे देत असतील असं मला काय माहीत? मला वाटलं, मी एकटीच."

"सगळ्यांनाच ते वाटलं," बोर्गहिल्ड म्हणाली.

ओलुफ आणि आल्फ हे सख्खे भाऊ. एका घरात राहायचे, पण एका नावेच्या वाटणीवरून इतक्या वर्षांपूर्वी अबोला धरलेला की नावही कुजून गेली होती. घराला दोन दारं, घरात दोन चुली, दोन किटल्या.

"त्याला विचारा, तो देत होता का," ओलुफ बोर्गहिल्डकडे बघून म्हणाला.

"त्याला सांगा, माझ्या दारात ती आधी यायची," आल्फ बोर्गहिल्डलाच म्हणाला.

"आधी कशी येईल? माझं दार अलीकडे आहे!"

"पण मी हाक मारायचो!"

दोघं थबकले. आपण एकमेकांशी बोललो हे दोघांच्या एकदमच ध्यानात आलं.

"म्हणजे तू पण?" ओलुफ हळूच म्हणाला.

"मी पण."

कुणी हसलं नाही. एरवी त्यावर बेट वर्षभर हसलं असतं.

तोरफिन टोपी हातात पिळत होता. "ती दारात येऊन तोंड उघडायची, बोर्गहिल्ड. माझ्या दारात कुणी काही मागायला आलं असं कधी होतं? आणि तो र! मला वाटलं, माझ्या चमच्यानं पोर मोठं होईल. इथं मोठं झालं की इथलंच होईल. मग कुठं जाणार नाहीत."

"आणि तिच्या आईला कुणी विचारलं का," क्लारा म्हणाली, "राहतेस का म्हणून? तोंडानं? दीड वर्ष झालं, ती आपल्याला पाव आणि रॉकेल विकतेय. विचारलं कुणी?"

सगळ्यांच्या नजरा बोर्गहिल्डवर आल्या.

"मागायची आपली पद्धत नाही," बोर्गहिल्ड म्हणाली.

"नाही," क्लारा म्हणाली. "पाजायची आहे."

बोर्गहिल्डनं बाटल्या एका ओळीत मांडल्या. सगळ्या तिच्याच हातच्या, सोनेरी आणि नितळ. दिव्याच्या उजेडात त्या अशा चमकत होत्या की तिला एका बाजूनं अभिमान वाटला आणि दुसऱ्या बाजूनं त्यांच्याकडे बघवेना. दोन्ही एकदम.

"ओतून द्यायचं का समुद्रात?" आल्फनं विचारलं.

"माझं ट्रान? समुद्रात?" बोर्गहिल्डचे डोळे लकाकले. "आपल्या आज्यांनी गोठे कशानं रंगवले होते?"

पूर्वी ट्रानमध्ये लाल माती घोटून भिंती रंगवायचे. वाऱ्या-पावसाला तो रंग दाद द्यायचा नाही. तोरफिनकडे जुन्या मातीचं पोतं निघालं. दुकानाची पश्चिमेकडची भिंत खाऱ्या वाऱ्यानं करडी पडली होती, आणि ती रंगवायची म्हणून विग्दिस कधीपासून घोकत होती. थंडी मोडली तशी ती म्हातारी माणसं शिड्या लावून चढली. ओलुफनं शिडी धरली आणि आल्फ चढला. बोर्गहिल्डनं रंग घोटला. जन्मात तिनं इतकं ट्रान एका जागी वापरलं नव्हतं.

"वास सहा महिने जाणार नाही," क्लारा नाकाला पदर लावल्यासारखा मफलर लावून म्हणाली.

"जाऊच नये," बोर्गहिल्ड म्हणाली. "हुंगलं की आठवेल."

रुग्णालयातून एकेक बातमी येत होती. उलट्या थांबल्या. दही खाल्लं. नर्सची कात्री पळवली. मग एक दिवस विग्दिसचा फोन आला, एवढाच: "आज तिनं पलंगाला धरून पाऊल टाकलं." तिचा आवाज गहिवरला होता आणि घशातला र आणखी खोल गेला होता. बोर्गहिल्डनं ती बातमी दारोदार पोचवली, पूर्वी बाटल्या पोचवायची तशी.

एप्रिलात त्या दोघी मायलेकी परतल्या. आणायला एइलिफ गेला होता. गोदीवर सगळे उभे होते, पण हात पाठीमागे बांधून. एइलिफ पोरीला उचलायला वाकला तर तिनं त्याचा हात झटकला. बोटीच्या फळीवरून ती स्वतः उतरली. एक पाऊल, थांबली. दुसरं पाऊल. टोपीखालून नवे बारीक केस डोकावत होते, पिल्लाच्या पिसांसारखे. ती थेट तोरफिनपुढे जाऊन उभी राहिली, हनुवटी वर केली आणि तोंड उघडलं.

"अर्रर्र!"

तोरफिननं हात पाठीमागेच ठेवले. मग त्यानं स्वतःचं दात नसलेलं तोंड तिच्याहून मोठं उघडलं. "अर्रर्र!"

पोरगी खिदळली. पुढे क्लारा, "अर्रर्र!" मग ओलुफ, मग आल्फ. चमचा कुणाच्याच हातात नव्हता. पोरीनं प्रत्येकाकडून नुसता र वसूल केला आणि पुढे गेली. बोर्गहिल्डला वाटलं, एवढी उंच मान आपल्या घराण्यात कुणाची नव्हती. माझीही नव्हती.

विग्दिस नाक आक्रसून उभी होती. "हा वास कसला?"

"तुझ्या भिंतीला पाजलं," एइलिफ म्हणाला.

विग्दिसनं वळून लाल भिंतीकडे पाहिलं. हसली की नाही ते वाऱ्यात कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती सासूच्या स्वयंपाकघरात आली आणि उभ्यानंच बोलली. "चमचा दिलास याचा राग ओसरेल. जीव लावून दिलास, ते कळतं मला. पण मी नको म्हटलं होतं, बोर्गहिल्ड. माझी मुलगी आहे. मी इथली नाही म्हणून माझा शब्द पाण्यात टाकलास. ते मला लागलंय."

बोर्गहिल्डच्या तोंडाशी उत्तरं आली. आईचं, ट्रानघराचं, सरळ हाडांचं. तिनं ती सगळी गिळली. "खरं आहे," एवढंच ती म्हणाली.

"हिवाळा संपलाच आता," विग्दिस म्हणाली. "एइलिफशी बोलते मी." आणि गेली.

ते बोलणं काय झालं ते कुणाला कळलं नाही. एइलिफ विचारल्यावर खांदे उडवायचा. "ती म्हणते, आपण हवे आहोत की आपल्याला नुसतं चालवून घेतात, तेच कळत नाही इथं." दुकानात नवा माल कमी यायला लागला. मागच्या खोलीत रिकामी खोकी रचलेली क्लारानं पाहिली. सामान भरायला की जाळायला, ते विचारायचं धाडस तिलाही झालं नाही.

मे महिना दोन पावलांवर होता. स्वच्छ सकाळी बोर्गहिल्ड दुकानाकडे आली तर विग्दिस खिडक्या धूत होती. हिवाळाभर लाटांचे तुषार काचेवर बसून मिठाचा पांढरा पापुद्रा झाला होता. बेटावर खिडक्या दोन वेळा धुतात. वसंतात, आणि घर दुसऱ्याच्या हवाली करताना.

विग्दिस आतून काच पुसत होती. बोर्गहिल्डनं काही न विचारता बादली उचलली, दुसरं फडकं घेतलं आणि बाहेरून सुरू केलं. काचेच्या अल्याड-पल्याड दोन हात, वरून खाली, वरून खाली. मीठ विरघळून ओघळत होतं. हळूहळू पलीकडचा चेहरा दिसायला लागला. थकलेला, तरुण, डोळ्यांखाली काळं. दोन हिवाळे काढलेला चेहरा. हिनं बंद दुकानात दिवा लावला. हिनं पोरीला वेळेवर बोटीत घातलं, नाहीतर आम्ही सगळ्यांनी मिळून तिला अभिमानानं मारलं असतं. हे आपण हिला कधी सांगितलं?

मागे रस्त्यावर सिन्ने एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात उड्या मारत होती, दोन्ही पायांनी.

बोर्गहिल्डचा हात थांबला. मुलगी गेली तेव्हाही तो शब्द तिच्या ओठांशी आला होता. मोठा मुलगा गेला तेव्हाही. दरवेळी तिनं तो दातांमागे धरला आणि त्याला मोठेपणा म्हटलं.

ती बोलली. काचेवर तिच्या श्वासाचा एक ढग उमटला आणि विरला.

विग्दिसनं आतून भुवया उंचावल्या. ऐकू गेलं नव्हतं. तिनं फडकं खाली ठेवलं, कडी काढली आणि खिडकी ढकलून उघडली. ट्रानचा वास, खारं वारं आणि पोरीच्या उड्यांचा आवाज एकदम आत गेला.

"काय म्हणालीस?"

आता एकदा म्हणणं वेगळं होतं आणि दुसऱ्यांदा म्हणणं वेगळं. पहिल्यांदा काच होती. "कोपऱ्यात मीठ राहिलंय" असं म्हणून सुटताही आलं असतं. बोर्गहिल्डनं ओलं फडकं दोन्ही हातांत घट्ट धरलं.

"जाऊ नका," ती म्हणाली. "राहा इथं. तू राहा, विग्दिस. मी मागतेय."